भट्टीच्या शेडमधले ठोके

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, माझी हरकत नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर बेतलंय. ती आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, आमच्याच घरात पलीकडच्या खोलीत बसली आहे.

आणखी एक सांगून टाकतो. भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. रडणारं कुत्रं लागतं, विझणारा दिवा लागतो. इथे त्यातलं काही नाही. हे सगळं भर दुपारी, लख्ख उन्हात घडलं. पहिल्यांदा घडलं तो बुधवार होता. वेळ अकरा चाळीस. जागा म्हणजे नदीकाठचा एक जुना कौलांचा कारखाना.

ताई मातीची भांडी घडवते. बाजारात विकतात ती नव्हे, प्रदर्शनात मांडतात ती. "ज्यांत पाणी भरलं तर लोक ओरडतात, तसली भांडी," असं आमची मावशी म्हणते.

तर त्या बंद पडलेल्या कारखान्यात एका संस्थेने कलाकारांसाठी निवासी उपक्रम सुरू केला होता. निसर्ग, माती आणि पर्यावरणाचं विज्ञान, तिन्हींचा एकत्र अभ्यास. कलाकाराने तीन महिने तिथेच राहायचं, नदीच्या गाळातली माती काढून भांडी घडवायची. शेजारी प्रयोगशाळा. तिथली माणसं तीच माती, तेच पाणी, तीच हवा तपासणार. शेवटी पाहुण्यांचा दिवस. त्या दिवशी मोठमोठी माणसं येणार, आणि ज्याचं काम त्यांच्या नजरेत भरेल त्याचं नशीब उघडणार.

ताईची निवड झाली तेव्हा ती आनंदाने वेडी व्हायची तेवढी बाकी होती. मावशी म्हणाली, "लहानपणी चिखलात खेळलीस म्हणून धपाटे घातले. आता त्याच चिखलासाठी बोलावणी येतायत. उगाच मारलं गं बाई तुला."

तिथले संचालक म्हणजे एक वल्लीच. फाटकाजवळ एक मोठी पाटी होती, तिच्यावर हवेचा आकडा झळकायचा. हवा चांगली असली की हिरवा, बिघडली की लाल. या माणसाचा त्या पाटीवर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव. दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचे. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणायचे.

"आपल्या भट्टीचा धूर पाटीला कळता कामा नये," पहिल्याच दिवशी ते ताईला म्हणाले. "लोक त्याच्यासाठीच येतात इथे."

भट्टी म्हटली की धूर आलाच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पहिल्याच दिवशी कोण वाद घालणार! ताई नुसती हसली.

तिला चाकाची खोली मिळाली. तिला लागूनच भट्टीची शेड, मधे फक्त एक भिंत. शेडला जाड काचांच्या सहा खिडक्या आणि रुळावर सरकणारं एकच लोखंडी दार. त्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून मात्र अडसर होता, त्याला कुलूप, आणि किल्ली ताईच्या गळ्यात.

त्या बुधवारी ती चाकावर बसली होती. कोपरापर्यंत हात मातीत.

धप्...

तिने चाक थांबवलं.

धप्... धप्.

माती मळताना गोळा लादीवर आपटतात ना, तसाच आवाज. तिला वाटलं, पलीकडे कुणीतरी माती मळतंय. मग तिच्या लक्षात आलं. पलीकडे तर शेड आहे. शेडला कुलूप आहे. आणि किल्ली आपल्या गळ्यात आहे.

हात तसेच घेऊन ती गेली. कुलूप उघडलं, दार सरकवलं.

कुणी नव्हतं.

भट्टी गार. जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. ती परत फिरणार, इतक्यात तिची नजर कोपऱ्यातल्या खिडकीवर गेली.

काचेवर पंजा उमटला होता... मातीचा, पांढरट. आतल्या बाजूने.

आणि तो होता अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर. उभ्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. बसलेल्याचा पोचतो, नाहीतर पडलेल्याचा.

ताईने बोट लावून पाहिलं. माती ओली होती.

आता तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी पेटी भरून घरी यायला हवं होतं. मीही तेच म्हणालो. तर माझ्यावरच डाफरली. "तीन महिने मागून मिळत नाहीत रे! एका डागासाठी सोडून येऊ?" तिने ओलं फडकं घेतलं, काच पुसली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला परत तीन ठोके.

तिसऱ्या दिवशीही.

रोज पंजा. रोज पुसायचा. रोज काचेच्या आतल्या बाजूला.

माणूस कशालाही सरावतो हो. पंधरा दिवसांनी ताईला त्या ठोक्यांची धास्ती राहिली नाही. उलट ठोके पडले की ती चहाला उठायची. "मला घड्याळच लागत नाही," असं तिने मला फोनवर हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

प्रयोगशाळेत हवा तपासणारी एक तरुण मुलगी होती. सगळे तिला हवावाली म्हणायचे. ताईशी तिची चांगली गट्टी जमली. एकदा ती अकरा चाळीसला ताईच्या खोलीत होती.

धप्... धप्... धप्.

ताई हात धुवायला उठली. "चल, चहा."

हवावाली जागची हलली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ताई, हे रोज होतं?"

"रोज. का गं?"

"तुम्ही शेडच्या भिंतीवरचा तो डबा बघितलाय? छोटा, काळा?"

बघितला होता. त्याच्यावर एक लाल दिवा लुकलुकत असायचा.

"तो कसा लागतो ताई? त्याची वायर तर मी स्वतः गुंडाळून कपाटात ठेवलीय."

मग तिने दार लोटून घेतलं आणि सांगितलं ते असं.

आधीच्या वर्षी भट्टी सांभाळायला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. उभा जन्म भट्टीपुढे गेलेला. ज्वाळेचा रंग बघून आतली उष्णता सांगायचे. मातीवरची लाल झिलई तर अशी काढायचे की लोकांनी बघत राहावं.

ही लाल झिलई कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. झिलईत तांबं असतं, ते हिरवट दिसतं. भट्टी पुरती तापली की तिला मुद्दाम हवा कमी द्यायची. आग गुदमरते. आणि गुदमरलेली आग त्या हिरव्याचं लाल करते. पण त्याच वेळी एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी पेंगतो आणि परत उठत नाही. म्हणून त्या वेळी शेडची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची, हा या कामातला पहिला धडा. तो काळा डबा त्याच वायूवर लक्ष ठेवायला होता.

"मागच्या वर्षी पाहुण्यांच्या दिवशी मामांनी भट्टी लावली होती," हवावाली म्हणाली. "आपली भट्टी जुनी, फटीफटीतून गळते. तो धूर खिडक्यांतून निघाला की सरळ पाटीवर. पाहुण्यांसमोर आकडा लाल व्हायला लागला. साहेबांनी मामांना सांगितलं, अर्धा तास खिडक्या लावून घ्या, पाहुणे गेले की उघडू. डबा आत कोकलत होता. साहेबांनीच त्याची वायर उपटली आणि माझ्या हातात आणून दिली. पाहुणे आत शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून अडसर घातला."

"मग?"

"मग पाहुण्यांबरोबर जेवायला बसले. विसरले."

ताईने शेडच्या भिंतीकडे बघितलं.

"तीनला दार उघडलं. मामा त्या कोपऱ्यातल्या खिडकीखाली होते. आणि त्यांच्या उशाशी दारूची अर्धी बाटली होती."

"मामा प्यायचे?"

"थेंबाला शिवले नाहीत कधी. पण संस्थेच्या कागदावर तेच लागलं. दारूच्या नशेत भट्टीजवळ झोपला, तिथेच हृदय बंद पडलं." हवावाली रडायला लागली. "मला माहीत होतं ताई. मी गप्प बसले. नोकरी होती ना माझी."

दर सोमवारी फाटकाबाहेर एक बाई येऊन बसायची. ताईने तिला पाहिलं होतं, पण कुणाची तरी वाट बघत असेल असं वाटलं होतं. ती मामांची बायको होती.

पुढच्या सोमवारी ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

मामी शांत बाई. ओरडणं नाही, शिव्याशाप नाहीत. म्हणाली, "मला काही नको गं पोरी. तो एक शब्द पुसायचाय. लेकीच्या सासरी तिला उठता-बसता ऐकवतात, बाप दारुडा होता तुझा. आमच्या घरात बाटलीला बूच कसं लावतात तेसुद्धा कुणाला माहीत नाही. नशेत, एवढाच शब्द. तेवढा पुसून दे म्हणावं त्याला."

ताईने तिचा हात हातात घेतला. "मी बोलते साहेबांशी. आजच."

आणि ती बोलली. खोटं कशाला सांगू, हिंमत करून बोलली.

हिरवेसाहेब चवताळले नाहीत. ते गोड हसले.

"तुमची आधीच्या प्रदर्शनातली लाल भांडी पाहिली मी. फार मोठ्या माणसांना मी तुमच्याबद्दल बोललोय. आता अशा वेळी मेलेल्या माणसाचं उकरून काढायचं का? पाहुण्यांचा दिवस होऊ दे. मग बसू आपण."

ताई गप्प झाली. तीन महिन्यांचं काम, सगळं आयुष्य त्या एका दिवसावर टांगलेलं. तिने मनाशी म्हटलं, दहाच दिवसांचा तर प्रश्न आहे.

मामीला तिने तसं सांगितलं. "पाहुण्यांचा दिवस झाला की..."

मामी उठली. पदर झटकला. "तेही तेच करत होते, पोरी. पाहुणे जायची वाट बघत होते."

ताईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला ठोके पडले नाहीत.

ताई वाट बघत राहिली... बारा वाजले. साडेबारा. नाहीच. इतके दिवस जो आवाज सवयीचा झाला होता, तो नाही म्हटल्यावर तिला खोलीत बसवेना. ती उठून ओल्या भांड्यांच्या फळीकडे गेली.

सकाळीच चाकावरून उतरवलेल्या नऊ बरण्या. मऊ, ताज्या.

नऊच्या नऊ बरण्यांची तोंडं मिटलेली होती.

कुणीतरी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत काठ धरून, सगळीकडून गच्च दाबून बंद केली होती. सफाईदार काम. मातीत आयुष्य घालवलेल्या हाताचं. एक बरणी वेडीवाकडी झालेली नाही की तडकलेली नाही. फक्त तोंड नाही.

ताईने एक बरणी उचलून फिरवून पाहिली. ते सगळं कुणाला उद्देशून होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तोंड कुणी मिटलं होतं? तिनेच.

"माफ करा मामा," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "भट्टी लावेन त्या दिवशी खिडक्या लावू देणार नाही. आणि सगळ्यांसमोर बोलेन. शब्द देते."

पलीकडून एकच ठोका आला.

धप्.

त्यानंतर रोजचे तीन ठोके परत सुरू झाले. अकरा चाळीसला, न चुकता.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. ताईने पहाटेच भट्टी पेटवली. त्याआधी शेड झाडून काढली, कानाकोपरा. हे लक्षात ठेवा. तिने स्वतः झाडली होती आणि शेडमध्ये एक काडीसुद्धा नव्हती. सहाही खिडक्या उघडल्या. दार पूर्ण सरकवलं.

अकराला भट्टी तापली. तिने हवेची झडप कमी केली. आग गुदमरली, फटींतून पिवळ्या जिभा बाहेर आल्या.

सव्वाअकराला पाहुणे आले. पंधरा-वीस माणसं, फाटकाजवळच्या पाटीपुढे. आणि आकडा चढायला लागला. हिरव्याचा पिवळा झाला.

हिरवेसाहेब धावतच शेडपाशी आले. चेहरा घामाने डबडबलेला.

"खिडक्या लावा."

"नाही लावणार."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे हो!"

"मामांनाही अर्धाच तास सांगितला होता तुम्ही," ताई म्हणाली. "आज मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. ती बाटली कुणी ठेवली, तेही विचारणार आहे."

साहेबांचा चेहरा बदलला. गोडवा कुठल्या कुठे गेला.

"तू? तुझं ऐकतो कोण? उद्या तुझं एक भांडंसुद्धा कुणी दारात उभं करणार नाही, बघच तू." तुम्हीचं तू झालं होतं. "हो बाजूला. मी लावतो खिडक्या. असं कुणी मरत नाही दोन मिनिटांत. तो म्हातारा होता म्हणून मेला!"

हे वाक्य ताईला तोंडपाठ आहे. तो म्हातारा होता म्हणून मेला.

साहेब आत शिरले. ताई रागाने तिथून निघाली. पाठ फिरवून, तरातरा, अंगण ओलांडून पाहुण्यांकडे.

मागे एक खिडकी लागली. खट्.

दुसरी... तिसरी.

सहा मोजल्या तिने.

मग रुळांवरून दार सरकल्याचा आवाज आला. करकरत, सावकाश. जड दार होतं ते. ताईला वाटलं, साहेबच बाहेर येऊन लावतायत.

आणि मग अडसर पडला.

तिने वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, हे मी तिला शंभरदा विचारलंय. ती म्हणते, मान वळली नाही.

पाटीवरचा आकडा उतरला. हिरवा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई मधोमध उभी होती. बोलायचं होतं, शब्द जुळवत होती. एवढ्यात...

धप्. धप्.

शेडकडून.

तिने घड्याळाकडे बघितलं. अकरा चाळीस. रोजचीच वेळ. रोजचाच आवाज.

धप्. धप्. धप्.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी कान टवकारले. "तो कसला आवाज येतोय हो?"

ताईने तोंड उघडलं. हसून, अगदी मोकळेपणाने म्हणाली,

"काही नाही. आत माती मळतायत."

सगळे हसले. पुढे निघाले. ताई त्यांना नदीकाठची मातीची खाण दाखवायला घेऊन गेली. गाळाचे थर दाखवले, कुठल्या थरातली माती चाकावर नीट उभी राहते ते सांगितलं. खूप छान बोलली म्हणतात. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही.

पाऊण तासाने सगळे परत आले. हवावाली प्रयोगशाळेतून तक्ते घेऊन येत होती. त्या पाहुण्या बाई तिला सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे आत माती मळतायत म्हणे. किती वेळ मळावी लागते हो?"

हवावालीच्या हातातले तक्ते खाली पडले.

ती पळत सुटली. तिच्यामागे ताई, ताईच्या मागे सगळे.

दार बंद. अडसर बाहेरून घातलेला, खाचेत पुरता बसलेला.

दार सरकवलं. खिडक्या फोडल्या. भट्टी बंद केली. आत थांबवत नव्हतं, ओढणी तोंडाला लावून दोघींनी साहेबांना बाहेर ओढलं.

ते कोपऱ्यातल्या खिडकीखाली होते. तळहात सोललेले.

काचेवर आतून पंजेच पंजे. एकावर एक. अगदी खालपर्यंत.

डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि जिथे त्यांचं डोकं होतं, तिथे उशाशी...

दारूची अर्धी बाटली होती.

ताईने शेड झाडली होती. साहेब रिकाम्या हाताने आत गेले होते. आणि ते पीत नव्हते, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं.

आता पुढची गंमत ऐका. गंमत कसली, कर्म म्हणायचं. संस्थेच्या वरच्या लोकांना आपली अब्रू वाचवायची घाई. त्यांनी दोन दिवसांत कागद तयार केला. दारूच्या नशेत भट्टीजवळ झोपले, तिथेच हृदय बंद पडलं. मागच्याच वर्षीचा कागद. फक्त नाव बदललं होतं.

हवावालीने तो वाचला आणि ती ताईकडे आली. त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या घशात अडकली होती.

"ताई, तुम्हाला ते कुणी सांगितलं होतं?"

"काय?"

"माती मळतायत, हे."

"कुणी नाही. आपसूक तोंडातून गेलं."

हवावाली हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वर्षी मी पाटीपाशी उभी होते. मामांचे ठोके ऐकू आले होते. एका पाहुण्याने विचारलं, कसला आवाज. साहेब हसले आणि म्हणाले, काही नाही, आत माती मळतायत. हेच शब्द, ताई. असेच हसून. मलाही खरं वाटलं तेव्हा. मी हे जन्मात कुणाला सांगितलेलं नाही."

ताई रात्रभर जागी राहिली. सकाळी उठून पोलिसांकडे गेली. हवावालीला बरोबर नेलं. दोघींनी सगळं लिहून दिलं. उपटलेली वायर, लावलेल्या खिडक्या, दोन्ही वर्षांचे अडसर, दोन्ही बाटल्या. हवावालीची नोकरी गेली. ताईची भांडी भट्टीतच राहिली, ती कशी निघाली ते तिने बघितलंही नाही. पण चौकशी झाली. चार महिन्यांनी नवे कागद निघाले. नशेत हा शब्द पुसला गेला.

ताई स्वतः कागद घेऊन मामीकडे गेली. मामीने नातवाकडून तीन वेळा वाचून घेतला. डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, "आणि त्याचा?"

"साहेबांचाही पुसला, मामी. तेही पीत नव्हते."

मामीचे डोळे क्षणात कोरडे झाले. "त्याचा कशाला पुसलास? आमच्या माणसाने एवढं केलं ते कशासाठी? त्याच्या पोरांनाही ऐकू दे की जरा! तू कोण पुसणारी?"

तिने ताईला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेव्हापासून ताई आमच्याकडे आहे. चाक विकून टाकलं. सकाळी अकराच्या पुढे घरातली एकही खिडकी लावू देत नाही. बायको वैतागते, सामान भिजतं म्हणते. मी म्हणतो, भिजू दे.

मी हे का लिहितोय ते सांगतो. पोलिसांना लिहून दिलेल्या कागदात एक वाक्य नाही. ठोके ऐकले होते, आणि त्यावर आपण काय म्हणालो, हे ताईने त्यात लिहिलेलं नाही. हवावालीनेही नाही. त्या पाहुण्या बाईंना कुणी विचारलंच नाही.

गेल्या आठवड्यात मी तिची समजूत घालत होतो. म्हटलं, "ताई, तू तरी काय करणार? रोज ऐकायचीस. तुला वाटलं, मामाच आहेत. कुणालाही वाटलं असतं."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"मामा तीनच मारायचे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"आणि त्या दिवशी?"

"अकरा. मी मोजले. पाचव्यानंतर ती बाई बोलली. मी उत्तर दिलं. त्यानंतर आणखी सहा."

 "म्हणजे तुला कळलं होतं?"

 तिने माझ्याकडे वळून मलाच विचारलं, "तोंड माझं होतं. पण ते माझ्याकडून कुणी म्हणवून घेतलं, की मीच म्हणाले... हे कसं कळतं रे?"

 मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच पाणी प्यायलो.

कुणाला माहीत असेल तर सांगा. ती अजून विचारते.